अमेरिकन वार्तापट : एक ऐतिहासिक साधन व त्याची परीक्षा

(१)

इतिहासाचीं साधनें म्हटलीं कीं आपल्या डोळ्यांपुढें रुमाल, सनदा, महजर, ताम्रपट व नाणीं उभीं राहतात. या साधनांची परीक्षा कशी करावी, अस्सल कोणतें व नक्कल कोणती, समकालीन कोणतें व मागाहून रचलेलें कोणतें, याविषयीं कै. राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेच्या पहिल्या खंडास जोडलेल्या प्रस्तावनेंत जी शिस्त घालून दिली, तीच पुढें आपल्या संशोधकांस मार्गदर्शक झाली. परंतु विसाव्या शतकानें मागें ठेवलेलें एक साधन असें आहे कीं तसलें साधन पूर्वींच्या कोणत्याहि शतकाजवळ नव्हतें. तें म्हणजे चलच्चित्र. कागद वाचावा लागतो. चित्र नुसतें पाहिलें कीं पुरे, असें वाटतें. पाहणाऱ्यास आपण स्वतःच त्या प्रसंगाचे साक्षी झालों असा भास होतो, आणि भास जितका बळकट तितकी परीक्षा ढिली पडते. म्हणूनच हें साधन कागदाहून अधिक कडक कसोटीस लावणें प्राप्त आहे.

प्रस्तुत लेखांत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विसाव्या शतकाच्या मध्यभागीं प्रसिद्ध होणारे वार्तापट विचारार्थ घेतले आहेत. परदेशचा विषय घेण्याचीं कारणें दोन. एक, या जातीच्या साधनांचा अतिशय मोठा संग्रह त्या देशांत जमला, व त्यांतील बराचसा नष्टहि तेथेंच झाला. त्यामुळें संग्रह व विनाश या दोहोंचा धडा तेथें एकत्र मिळतो. दुसरें, वार्तापटाच्या एका तुकड्यानें दहा माणसांच्या मृत्यूसंबंधीं रूढ झालेली हकीकत खोटी पाडल्याचें स्पष्ट उदाहरण तेथील आहे. त्या उदाहरणाचा विचार पुढें विस्तारानें केला आहे.

(२)

प्रथम या साधनाचा थोडक्यांत करीना. पाते या फ्रेंच कंपनीनें आपला अमेरिकन साप्ताहिक वार्तापट १९११ च्या आगस्ट महिन्यांत सुरू केला. तो अर्थात् मूक होता. वार्तापटास वाचा फुटली ती १९२७ सालीं. त्या वर्षाच्या मे महिन्याच्या २० तारखेस सकाळीं लिंडबर्ग हा वैमानिक न्यूयॉर्कजवळच्या रूझवेल्ट फील्ड या मैदानावरून एकटाच अटलांटिक महासागर ओलांडण्यास निघाला. फॉक्स कंपनीच्या माणसांनीं तो प्रसंग ध्वनीसह टिपला व त्याच रात्रीं न्यूयॉर्कच्या रॉक्सी चित्रपटगृहांत दाखविला. विमानाच्या यंत्राची घरघर ऐकून प्रेक्षक थक्क झाले. पुढील दशकांत फॉक्स मूव्हीटोन, पॅरामाउंट, पाते, हर्स्ट यांचा मेट्रोटोन (पुढें ‘न्यूज ऑफ द डे’) व युनिव्हर्सल असे पांच वार्तापट स्थिर झाले. प्रत्येकाचे आठवड्यास दोन अंक निघत व एक अंक आठ ते दहा मिनिटांत संपे. मुख्य बोलपटाच्या आधीं तो दाखविण्याचा परिपाठ होता. न्यूयॉर्क येथें एम्बसी नांवाचें एक चित्रपटगृह तर १९२९ पासून केवळ वार्तापटांसच वाहिलेलें होतें. १९४५ च्या सुमारास त्या देशांत दर आठवड्यास आठ कोटींहून अधिक तिकिटें खपत, हें लक्षांत घेतलें म्हणजे या दहा मिनिटांचें वजन कळतें.

अंकांतील मजकूर मात्र पुष्कळदां हलका असे. पाण्यांत सूर मारणाऱ्या तरुणी, घोड्यांच्या शर्यती, बेसबॉलचे सामने, टोप्यांच्या नव्या तऱ्हा, बाळसेदार मुलांचीं प्रदर्शनें, आणि त्यांच्या मधोमध एखादा महापूर, अध्यक्षाचें भाषण, संप किंवा लढाई. तत्कालीन टीकाकारांनीं या खिचडीची पुष्कळ थट्टा केली आहे. परंतु जुन्या दफ्तरांत ज्यांनीं हात घातला आहे त्यांनीं या थट्टेस बळी पडूं नये. पेशव्यांच्या मोहिमा बखरींत सांपडतात. पण तुपाचा भाव, शालींची किंमत व वाढप्याचा पगार रोजकीर्दीच्या क्षुल्लक नोंदींतच सांपडतो. त्याचप्रमाणें अमेरिकन माणूस रस्त्यांतून कसा चाले, टोपी केव्हां उतरी, दुकानाच्या पाट्यांवर काय लिहिलेलें असे, गर्दींत कोण पुढें व कोण मागें उभा राही, या गोष्टी छायालेखकानें हेतुपुरःसर टिपलेल्या नाहींत. त्या आपोआप टिपल्या गेल्या. आणि ज्या गोष्टी हेतूवांचून साधनांत उतरतात त्यांवर विश्वास अधिक ठेवावा, हा नियम येथेंहि लागू पडतो.

(३)

वार्तापट तयार कसा होई हें कळल्याशिवाय त्याची परीक्षा होणार नाहीं. छायालेखक प्रसंगाच्या जागीं जाऊन चित्रण करी व न धुतलेली फिल्म न्यूयॉर्कच्या कचेरीकडे रवाना करी. तिच्याबरोबर एक टिपण जाई. त्यांत तारीख, स्थळ, दृश्यांचा क्रम व दिसणाऱ्या माणसांचीं नांवें लिहिलेलीं असत. कचेरींत फिल्म धुऊन झाल्यावर संकलक तींतील थोडे फूट निवडी व बाकीचे बाजूला ठेवी. मग कोणी लेखक त्यावर निवेदन लिही, सराईत निवेदक तें खणखणीत आवाजांत वाची, आणि त्याखालीं संगीत भरलें जाई. युनिव्हर्सलच्या वार्तापटांतील पुष्कळसें चित्रण मुळांत मूकच असे. टाळ्या, जयघोष व यंत्रांचे आवाज कचेरींतल्या सांठ्यांतून काढून मागाहून जोडलेले असत.

यावरून या साधनाच्या तीन प्रति ठरतात. छायालेखकानें टिपलेली, कात्री न लागलेली मूळ फिल्म ही पहिली प्रत. ती अस्सल पत्राच्या जागीं मानावी. त्याचें टिपण ही दुसरी. तें यादीच्या किंवा जबानीच्या योग्यतेचें. चित्रपटगृहांत दाखविलेला, निवेदन व संगीत यांनीं सजविलेला अंक ही तिसरी. ही बखर होय. बखर निरुपयोगी नसते. ती ज्या काळीं लिहिली गेली त्या काळच्या लोकांस काय ऐकावयास आवडत असे हें ती सांगते. तसाच प्रदर्शित अंक १९३७ किंवा १९५१ सालच्या अमेरिकन माणसास काय दाखविणें योग्य समजलें जाई हें सांगतो. परंतु प्रसंग प्रत्यक्ष कसा घडला हें ठरवितांना पहिल्या दोन प्रति जेथें उपलब्ध आहेत तेथें तिसरीवर विसंबूं नये. तसेंच चित्र व ध्वनि हीं दोन भिन्न साधनें समजून प्रत्येकाची परीक्षा वेगळी करावी.

(४)

या शेवटच्या नियमाचें उत्तम उदाहरण लेकहर्स्टचें. ६ मे १९३७ रोजीं सायंकाळीं हिंडेनबर्ग हें जर्मन विमानपोत न्यू जर्सी संस्थानांतील लेकहर्स्ट येथें उतरत असतां पेटलें. पोतावर ९७ माणसें होतीं. त्यांपैकीं ३५ व जमिनीवरील एक, मिळून ३६ जण दगावले. त्या जागीं चार वार्तापटांचे छायालेखक हजर होते, व शिकागोच्या एका नभोवाणी केंद्राचा हर्बर्ट मॉरिसन हा निवेदकहि होता. जळत्या पोताचें चित्र व मॉरिसनचा रडवेला आवाज आज सर्वत्र एकत्र पाहावयास व ऐकावयास मिळतो, आणि ऐकणारा असें समजतो कीं हें दृश्य व हा ध्वनि एकाच वेळीं एकाच यंत्रानें टिपले गेले. वस्तुस्थिति तशी नाहीं. मॉरिसनचें निवेदन निराळ्या यंत्रानें तबकडीवर उतरविलेलें होतें; तें त्या वेळीं थेट प्रक्षेपित झालेलें नव्हतें, तर दुसऱ्या दिवशीं ऐकविलें गेलें. वार्तापटांच्या चित्रांशीं त्याचा संबंध पुढें लोकांनीं जुळविला. दोन्ही साधनें अस्सल, पण त्यांचें एकत्र केलेलें रूप हें मागाहूनचें संकलन होय. एकाच बंदांत शिवलेलीं दोन पत्रें एकाच दिवसाचीं समजण्यासारखीच ही चूक आहे.

याच प्रसंगांत दुसरीहि एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. चार यंत्रें सज्ज असूनहि ज्वाला प्रथम कोठें दिसली तो क्षण एकाहि वार्तापटांत सांपडत नाहीं. त्या क्षणीं यंत्रांचीं तोंडें दुसरीकडे वळलेलीं होतीं. आगीच्या कारणासंबंधीं जो वाद पुढें अनेक वर्षें चालला त्याचें मूळ या उणिवेंत आहे. साधन कितीहि जिवंत भासलें तरी तें सर्वसाक्षी नसतें.

(५)

आतां शिकागोच्या प्रकरणाकडे वळूं. १९३७ च्या मे महिन्याच्या अखेरीस अमेरिकेंतील मध्यम आकाराच्या पोलाद कंपन्यांत संप सुरू झाला. ३० मे रोजीं, म्हणजे त्या देशांतील दिवंगत सैनिकांच्या स्मृतिदिनीं, दक्षिण शिकागोंतील रिपब्लिक स्टील कारखान्याजवळ संपवाले, त्यांच्या बायका व सहानुभूति असणारे लोक यांची सभा भरली. सभेनंतर हा जमाव मोकळ्या माळरानांतून कारखान्याच्या फाटकाकडे निघाला. वाटेंत पोलिसांची फळी उभी होती. कांहीं वेळ बोलाचाली झाली, आणि मग पोलिसांनीं गोळ्या झाडल्या. दहा माणसें मेलीं. कांहीं त्याच दिवशीं, कांहीं पुढें जखमांनीं. त्याशिवाय सुमारें तीस जणांस गोळ्या लागल्या.

दुसऱ्या दिवशींच्या वर्तमानपत्रांनीं जी हकीकत छापली ती पोलिसांनीं सांगितलेली होती. जमाव सशस्त्र होता, त्यास चिथावणीखोरांनीं भडकविलें होतें, त्यानें कारखान्यावर चाल केली व पोलिसांनीं आत्मरक्षणार्थ शस्त्र चालविलें, असा तिचा मथितार्थ. कॉरोनरच्या ज्यूरीनेंहि पुढें हे मृत्यु कायद्याच्या दृष्टीनें समर्थनीय ठरविले. म्हणजे तत्कालीन छापील साधन व सरकारी निवाडा या दोहोंचा कौल एकाच बाजूस पडला. पुढें येणाऱ्या इतिहासकाराजवळ एवढेंच साहित्य उरतें तर त्यानें काय लिहिलें असतें हें सांगावयास नको.

परंतु त्या माळावर पॅरामाउंट वार्तापटाचा ऑर्लँडो लिपर्ट हा छायालेखक आपलें यंत्र घेऊन उभा होता. त्याची फिल्म न्यूयॉर्कला पोंचली, धुतली गेली, कचेरींतील लोकांनीं पाहिली, आणि कपाटांत ठेवली गेली. ती प्रसिद्ध न करण्याचें जें कारण संस्थेनें पुढें दिलें तें विचारांत घेण्याजोगें आहे. वर्तमानपत्र माणूस घरीं एकटा वाचतो, पण वार्तापट हजारों माणसें अंधारांत एकत्र बसून पाहतात. असें चित्र पाहून चित्रपटगृहांतच दंगल माजेल, असें तिचें म्हणणें. या भीतींत तथ्य असेल वा नसेल. पण साधन दडपण्यासाठीं साधनाच्या प्रभावाचीच साक्ष दिली गेली हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

त्या वेळीं अमेरिकन सीनेटची एक समिति नागरिक स्वातंत्र्याच्या पायमल्लीची चौकशी करीत होती. विस्कॉन्सिन संस्थानाचे सीनेटर धाकटे रॉबर्ट ला फॉलेट हे तिचे अध्यक्ष व युटा संस्थानाचे एल्बर्ट टॉमस हे त्यांचे सहकारी. समितीनें समन्स काढून ती फिल्म हस्तगत केली. पॉल अँडर्सन या वृत्तपत्रकारास तिच्यांतील मजकूर कळला व त्यानें सेंट लुइसच्या ‘पोस्ट-डिस्पॅच’ पत्रांत तिचें सविस्तर वर्णन छापून गुपित फोडलें. जुलै महिन्याच्या आरंभीं समितीच्या उघड बैठकींत फिल्म दाखविण्यांत आली, व बारकावे दिसावे म्हणून ती मंद गतीनेंहि चालविण्यांत आली. पुढें पॅरामाउंटनेंहि ती प्रदर्शित केली.

फिल्मींत काय दिसतें? आरंभीं मोर्चाच्या अग्रभागीं असलेलीं माणसें पोलिसांच्या अधिकाऱ्यांशीं बोलत आहेत. हातवारे चालले आहेत, पण झटापट नाहीं. मग चित्र तुटतें. तें पुन्हा सुरू होतें तेव्हां जमाव पाठ फिरवून पळत आहे, पुढची रांग जमिनीवर एकमेकांच्या अंगावर कोसळलेली आहे, पोलिसांच्या हातांत पिस्तुलें आहेत, आणि पळणाऱ्या व पडलेल्या माणसांवर सोट्यांचे प्रहार होत आहेत. त्यानंतर जखमी माणसें ओढीत नेऊन गाड्यांत टाकलेलीं दिसतात.

येथें परीक्षकानें थांबावें. चित्र तुटलें तें कां? लिपर्टनें समितीपुढें साक्ष दिली कीं त्या क्षणीं तो यंत्राचें भिंग बदलीत होता. म्हणजे पहिली गोळी कोणत्या निमित्तानें सुटली, हें जें सर्वांत महत्त्वाचें, नेमकें तेंच त्या कांहीं सेकंदांत बुडालें. पोलिसांच्या पक्षानें या खिंडींतून बाहेर पडण्याचा यत्न करणें स्वाभाविक होतें. परंतु समितीनें फिल्मीवर एकटीवर भिस्त ठेवली नाहीं. डॉक्टरांच्या साक्षी तिनें फिल्मीशेजारीं ठेवल्या. मेलेल्या दहांपैकीं सातांस गोळी पाठींत लागलेली होती, तिघांस कुशींत. समोरून एकासहि नाहीं. गोळ्यांचा हा पुरावा व चित्रांत दिसणाऱ्या पाठी यांची सांगड बसली. चित्रांत जें नव्हतें तें देहांवर लिहिलेलें होतें. जमावाकडून शिवीगाळ व तुरळक दगडफेक याहून अधिक चिथावणी झाली नव्हती आणि पोलिसांनीं वापरलेलें बळ प्रसंगाच्या मानानें फारच अधिक होतें, असा निष्कर्ष समितीनें आपल्या अहवालांत काढला.

या निष्कर्षामुळें मेलेले परत आले नाहींत, व कोणाहि पोलिसास त्याबद्दल शिक्षा झाली नाहीं. न्यायाच्या दरबारीं फिल्मीचा उपयोग झाला नाहीं असेंच म्हणावें लागेल. तथापि इतिहासाच्या दरबारीं तिनें आपलें काम केलें. ‘सशस्त्र जमावाची चाल’ ही कथा त्यानंतर कोणा जबाबदार इतिहासकारास जशीच्या तशी लिहितां आली नाहीं. १९९७ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-सूचींत या फिल्मीची नोंद झाली. शिकागोच्या माळावरील दहा माणसांच्या बाजूनें बोलणारें अखेर जें साधन उरलें, तें कपाटांत पडून नष्ट होण्यापासून केवळ एका समन्सानें वांचलें, ही गोष्ट संग्राहकांनीं कधींहि विसरूं नये.

(६)

अस्सलाच्या चर्चेबरोबर बनावटाची चर्चा ओघानें येते. बनावट सनदा आपल्याकडे वतनाच्या लोभानें तयार झाल्या. बनावट दृश्यें तिकडे बहुधा परिणामाच्या लोभानें तयार झालीं. ‘मार्च ऑफ टाइम’ ही मासिक चित्रमाला १९३५ पासून १९५१ पर्यंत निघाली. लुई द रोशमाँ हा तिचा निर्माता. वार्तापटाहून ती अधिक धीट होती व राजकीय विषयांस हात घालण्यास कचरत नसे. पण जेथें प्रत्यक्ष चित्र मिळत नसे तेथें ती नटांकडून किंवा खुद्द त्या व्यक्तींकडून प्रसंग पुन्हा वठवून घेई. १९३८ सालच्या तिच्या ‘इनसाइड नाझी जर्मनी’ या अंकांत जर्मनींत टिपलेल्या दृश्यांच्या शेजारीं अमेरिकेंत वठविलेलीं दृश्यें बसविलीं आहेत, व कोणतें कोठचें हें प्रेक्षकास सांगितलेलें नाहीं. चालकांनीं हें लपवून ठेवलें असें नाहीं. ती त्यांची मान्य पद्धतीच होती. पण आज त्या अंकांतील एखादा तुकडा सुटा होऊन हातीं आला म्हणजे तो १९३८ च्या बर्लिनचा समजून छापला जाण्याचा धोका उघड आहे.

याहून ठळक उदाहरण पर्ल हार्बरचें. ७ डिसेंबर १९४१ च्या हल्ल्याचें प्रत्यक्ष चित्रण थोडकेंच उपलब्ध होतें. पुढें जॉन फोर्ड व ग्रेग टोलँड यांनीं नौदलासाठीं ‘डिसेंबर सेव्हन्थ’ हा चित्रपट केला. त्यांत लहान प्रतिकृति वापरून व प्रसंग वठवून हल्ल्याचीं दृश्यें तयार केलीं होतीं. या चित्रपटाच्या संक्षिप्त आवृत्तीस माहितीपटाचें अकादमी पारितोषिकहि मिळालें. दोष तो नव्हे. दोष पुढच्या काळाचा आहे. नंतरच्या अनेक चित्रपटांत हींच दृश्यें अस्सल म्हणून घेतलीं गेलीं, आणि एकानें घेतलीं म्हणून दुसऱ्यानें घेतलीं. एका बखरींतील चूक चार बखरींत उतरली म्हणजे ती चार साक्षी होत नाहींत, हें आपण जाणतों. चित्रांच्या बाबतींतहि तोच न्याय लावला पाहिजे. परीक्षेची साधी खूण अशी कीं यंत्र अशक्य जागीं उभें दिसलें, किंवा एकच क्षण दोन बाजूंनीं सफाईनें टिपलेला दिसला, तर संशय घ्यावा.

(७)

साधनांत काय आहे याइतकेंच काय नाहीं हेंहि पाहावें. फ्रँकलिन रूझवेल्ट यांस १९२१ सालीं पक्षाघात होऊन त्यांचे पाय अधू झाले. १९३३ पासून १९४५ पर्यंत ते अध्यक्ष होते व वार्तापटांत शेंकडों वेळां दिसतात: भाषण करतांना, मोटारींतून हात हलवितांना, मुलाच्या बाहूचा आधार घेऊन उभे असतांना. चाकांच्या खुर्चींत मात्र ते जवळजवळ कोठेंच दिसत नाहींत. छायालेखकांचा संकोच व अध्यक्षांच्या रक्षकांची देखरेख या दोहोंनीं मिळून हा पडदा राखला. जुलै १९४४ मध्यें ‘बाल्टिमोर’ या युद्धनौकेवर ते खुर्चींतून नेले जात असल्याचे कांहीं सेकंद एका फिल्मींत आहेत, व तेहि खलाशांच्या रांगेच्या आडून. त्यांचा बोलबाला २०१३ सालीं झाला. उलट १ मार्च १९४५ रोजीं काँग्रेसपुढें बसून भाषण करतांना आपल्या पायांवर दहा पौंड पोलादाचा भार आहे असें त्यांनीं स्वमुखानेंच सांगितलें, व तें चित्रित झालें. बारा वर्षें यंत्रांनीं जें पाहिलें नाहीं तें अखेर त्या गृहस्थानेंच बोलून दाखविलें.

दुसरें मौन याहून मोठें आहे. त्या देशांतील कोट्यवधि कृष्णवर्णीय नागरिकांचें रोजचें जीवन पांच वार्तापटांत फारच क्वचित् आढळतें. आढळलें तर बहुधा गाणें, मुष्टियुद्ध किंवा थट्टा या निमित्तानें. ही उणीव भरून काढण्यासाठीं १९४२ पासून ‘ऑल-अमेरिकन न्यूज’ हा निराळा वार्तापट त्यांच्या वस्त्यांतील चित्रपटगृहांसाठीं निघूं लागला. तरी मौनाला अपवाद आहेत. गायिका मॅरिअन अँडर्सन यांस केवळ वर्णामुळें वॉशिंग्टन येथील एका मोठ्या सभागृहांत गाण्याची परवानगी नाकारली गेली, तेव्हां ९ एप्रिल १९३९ रोजीं, ईस्टरच्या रविवारीं, त्या लिंकनस्मारकाच्या पायऱ्यांवर उभ्या राहून सुमारें ७५,००० श्रोत्यांपुढें गाइल्या. हर्स्ट यांच्या छायालेखकांनीं टिपलेलें तें दृश्य शिल्लक आहे. त्यांतील गायिकेकडे तर पाहावेंच, पण गर्दीकडे अधिक पाहावें. कायद्यानें व रूढीनें जीं माणसें वेगळीं बसत तीं त्या मैदानांत खांद्याला खांदा लावून उभीं आहेत. ही गोष्ट कोणा निवेदकास सांगावी लागत नाहीं. चित्रच ती सांगतें.

(८)

आतां या साधनाच्या आयुष्याविषयीं. कागदास वाळवी व कसर. फिल्मीस तिचें स्वतःचें शरीरच शत्रु. १९५० च्या सुमारापर्यंत व्यवसायांत वापरली जाणारी ३५ मिलिमीटर फिल्म नायट्रेटची असे. ती काळानें फिकट पडते, चिकट होते, आणि शेवटीं तिची तांबूस पूड होते. पेटली तर ती स्वतःच प्राणवायु सोडते, म्हणून पाण्याखालींहि विझत नाहीं. मागाहून आलेली ॲसिटेटची फिल्म पेट घेत नाहीं, पण उष्ण दमट हवेंत तिला शिर्क्याचा वास येऊं लागतो व ती आक्रसते.

दूरचित्रवाणी आल्यावर वार्तापटांची गरज संपली. १९५० सालीं अमेरिकेंत शेंकडा ९ घरांत तें यंत्र होतें; १९६० सालीं शेंकडा ८७ घरांत. पाते १९५६ सालीं बंद पडला, पॅरामाउंट १९५७ सालीं, फॉक्स १९६३ सालीं, आणि हर्स्ट व युनिव्हर्सल १९६७ सालीं. मालकांच्या दृष्टीनें उरला तो केवळ धोकादायक अडगळीचा ढीग. सुदैवानें सारे ढीग फेंकले गेले नाहींत. युनिव्हर्सलचा संग्रह राष्ट्रीय दफ्तरखान्याकडे गेला. फॉक्स मूव्हीटोनचा मोठा भाग १९८० सालीं साउथ कॅरोलायना विद्यापीठास मिळाला. हर्स्टचा १९८१ सालीं लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठास.

परंतु दफ्तरखान्यांत गेलेलें साधन सुरक्षित झालें असें समजणें हा भ्रम आहे. डिसेंबर १९७८ मध्यें मेरीलँड संस्थानांतील सूटलँड येथें राष्ट्रीय दफ्तरखान्याच्या नायट्रेट कोठारास आग लागली व युनिव्हर्सल वार्तापटांची एक कोटि सव्वीस लक्ष फूट फिल्म जळाली. या आंकड्याचा अर्थ हिशेबानें कळतो. अशी फिल्म मिनिटास ९० फूट धांवते. म्हणजे जळालें तें १,४०,००० मिनिटांचें, सुमारें २,३३३ तासांचें चित्रण. कोणी अहोरात्र न थांबतां पाहूं म्हटलें तर त्यास ९७ दिवस लागले असते. प्रसिद्ध झालेल्या अंकांच्या प्रति बऱ्याचशा वांचल्या. गेलें तें बहुतेक न दाखविलेलें, संकलकानें बाजूला ठेवलेलें चित्रण. आपल्या परिभाषेंत सांगावयाचें तर बखर राहिली आणि अस्सल पत्रें गेलीं. शिकागोच्या माळासारखा दुसरा एखादा तुकडा त्यांत होता कीं काय, याचें उत्तर आतां कोणाजवळहि नाहीं.

(९)

आपल्या देशाचा या साधनाशीं संबंध जुना आहे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनीं रँग्लर परांजपे यांच्या मुंबईंतील स्वागताचें चित्रण १९०१ च्या डिसेंबरांत केलें. तीच हिंदुस्थानांतील पहिली वार्ताफीत म्हणून गणली जाते. ती आज पाहावयास मिळत नाहीं. उलट १९३१ सालीं फॉक्स मूव्हीटोनच्या माणसांनीं बोरसद येथें येऊन महात्मा गांधींची जी बोलती मुलाखत टिपली ती आज पाहतां येते. आपल्या माणसानें केलेलें गेलें व परक्या व्यापाऱ्यानें केलेलें राहिलें, हा भेद कौशल्याचा नाहीं. एकानें टिपलेलें सांभाळण्यास पुढें कोठार मिळालें, दुसऱ्यास मिळालें नाहीं, एवढाच.

सारांश असा. वार्तापट हें साधन आहे, साक्षात्कार नव्हे. त्यांतील चित्र व ध्वनि वेगळे तपासावे. प्रदर्शित अंकापेक्षां कात्री न लागलेली फिल्म श्रेष्ठ मानावी. छायालेखकाचें टिपण फिल्मीपासून तोडूं नये. आणि जें दिसत नाहीं त्याचेंहि कारण शोधावें. वाचकांपैकीं पुष्कळ जण पोथ्यांच्या व कागदांच्या शोधार्थ जुन्या वाड्यांतून हिंडतात. माळ्यावर गंजलेला पत्र्याचा गोल डबा आढळला तर तो उन्हांत उघडून ठेवूं नये, दिव्याजवळ नेऊं नये, आणि रिकामा करून पिठासाठीं तर मुळींच देऊं नये. डब्यावरची चिठी जशीच्या तशी उतरून घ्यावी, तो कोणाकडून व कोठून मिळाला हें टिपून ठेवावें, व पुण्यास १९६४ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या जाणत्या जागीं तो पोंचवावा. डब्यांत लग्नाच्या वरातीपलीकडे कांहीं नसेलहि. पण वरातीच्या कडेला कोण उभें होतें व कोणास उभें राहूं दिलें नव्हतें, हें पाहण्याची इच्छा पुढच्या संशोधकास होईल, आणि तेव्हां डबा असला पाहिजे.